बेडरूममधली चौकशी समिती

भिवा कोयंडेची पक्षातून हकालपट्टी झाली. शाखेबाहेरच्या फळ्यावर तसं ठळक लिहिलं होतं, खाली दुहेरी रेघ मारली होती. अक्षर वैभव धुरीचं होतं, कारण करी रोडच्या त्या अख्ख्या शाखेत वळणदार अक्षर एकट्या वैभवचंच. पाच वर्षांपूर्वी भिवा विभागप्रमुख झाला तेव्हाही फळा त्यानेच लिहिला होता. दोन्ही वेळा 'कोयंडे'तला 'डे' सारखाच देखणा आला होता.

तर, असं काही झालं नाही.

म्हणजे वरून दुसरा फोन आला आणि झालेलं राहिलं नाही. वैभवने फळा स्वतःच्या रुमालाने पुसला. रिकामा फळा लोकांच्या डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर 'मोफत नेत्रतपासणी शिबिर' असं लिहून टाकलं. शिबिर नव्हतं. पण दुपारपर्यंत म्हातारी माणसं जुने चष्मे खिशात घालून विचारायला येऊ लागली, तेव्हा पुढच्या रविवारी खरोखरच शिबिर घ्यावं लागलं. लोकहुंकार पक्षाने त्या वर्षी विभागात केलेलं ते एकमेव काम, आणि तेही भिवाभाईंमुळे झालं, असं भिवाची माणसं पुढे बरेच महिने सांगत होती.

तेव्हा हकालपट्टी झालीच नव्हती, असं आपणही धरून चालू. त्या रविवारी धुरींच्या घरात सगळे तेच धरून चालले होते.

वैभवची बायको सीमा स्वयंपाकघरात काळ्या वाटाण्याची उसळ ढवळत होती. घर एकोणिसाव्या मजल्यावर. खाली जिथे तिचे सासरे गुणाजी धुरी राहायचे ती चाळ होती, तिथेच हा टॉवर उगवला होता आणि चाळीतल्या खोलीच्या बदल्यात त्यांना आकाशात दोन खोल्या नि हॉल मिळाला होता. हॉलमध्ये शाखेची माणसं चपला दाराबाहेर काढून दाटीवाटीने बसली होती. संध्याकाळी नारळ ठेवायचा होता. धुरींच्या घरात नवं काम निघालं की आधी गावच्या रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, मग कामाला हात. गुणाजी गिरणीत लागले तेव्हा नारळ ठेवला होता, संप सुरू झाला तेव्हाही ठेवला होता. संपाच्या बाबतीत देवाने काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावरून कोणी नारळ थांबवला नव्हता.

आजचं काम म्हणजे वैभवची उमेदवारी. त्यासाठी पक्षाचा एबी फॉर्म लागतो; तो असला की तुम्ही पक्षाचे उमेदवार, नसला की तुम्ही नुसते वैभव. तो फॉर्म भिवाच्या खिशात होता आणि भिवा नारळाला येणार होता. त्याआधी त्याच घरात, बेडरूममध्ये, भिवाची चौकशी होणार होती. दोन्ही कार्यक्रम एकाच उसळीत भागवायचे, असं वैभवने ठरवलं होतं.

आता हे सगळं सुरू झालं ते सीमाच्याच फोनवरून. पक्षाने मागच्या वर्षी 'ताई, बोला' अशी तक्रारसेवा काढली. विभागातल्या बायकांनी त्रास झाला तर एका नंबरवर कळवायचं. तो नंबर म्हणजे सीमाचं दुसरं सिमकार्ड, कारण महिला आघाडीची शाखा संघटक ती होती आणि दोन सिमचा फोन तिच्याकडेच होता. वर्षभरात त्या नंबरवर गॅसचं अनुदान, दोन-तीन नवऱ्यांची दारू आणि एक हरवलेला पोपट एवढंच आलं होतं. पोपट सापडला.

मग एका सकाळी ती सोलं भिजत घालत असताना मेसेज आला. पाठवणारी तिची मुलगी मनवा, जी त्या वेळी शेजारच्या खोलीत होती. मनवा भिवाच्या भाषणांचे रील बनवायची, त्याचं इन्स्टा सांभाळायची. मंडळांचा दौरा आटोपून येताना गाडीत भिवाकाकाने काय केलं, हात कुठे ठेवला, काय बोलला, आणि ती भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला दार उघडून कशी उतरली, ते तिने सरळ चार वाक्यांत लिहिलं होतं. सीमाने शेवटचं वाक्य वाचायच्या आत फोनने आपणहून उत्तर पाठवून दिलं: 'ताई, तुम्ही एकट्या नाही. पक्ष आपल्या पाठीशी आहे.' बेडरूममध्ये टिंग वाजलेलं तिला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

ती आत गेली तेव्हा मनवा पलंगावर बसली होती.

"मला सांगायचंस ना गं. मी इथेच होते."

"घरात सांगितलं असतं तर घरातच राहिलं असतं, आई."

सीमा पलंगावर टेकली. ती तिच्याजवळ बसून राहिली, आणि मग उठून नियमाप्रमाणे तक्रार मध्यवर्ती कार्यालयाला पुढे पाठवली. वर घबराट झाली, फोन आला, फळा लिहिला गेला. मग वर कोणीतरी भिवाच्या हातात किती मंडळं आणि किती गोविंदा पथकं आहेत ते मोजलं आणि फळा पुसला गेला. त्याऐवजी समिती आली.

समितीबरोबर दादरहून निरीक्षक आले, अवधूत सबनीस. इस्त्रीचा सदरा, आवाज आकाशवाणीचा. कोणी नुसतं पाणी दिलं तरी 'मनःपूर्वक आभार' म्हणत. समिती त्यांनीच नेमली होती: अध्यक्ष वैभव, सदस्य सीमा, ज्येष्ठ सदस्य गुणाजी धुरी. मनवाचे बाप, आई आणि आजोबा. भिवा हा मनवाच्या आजीच्या, जाईबाईंच्या, भावाचा मुलगा, म्हणजे वैभवचा मामेभाऊ. सबनीसांच्या मते याहून निःपक्षपाती समिती महाराष्ट्रात सापडली नसती, कारण सगळेच्या सगळे दोन्हीकडचे नातेवाईक होते.

समिती पलंगावर बसली, कारण खुर्च्या हॉलमध्ये गेल्या होत्या. मनवा कपाटाजवळच्या स्टुलावर. जाईबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, पण पलंग त्यांचा होता.

सबनीसांनी आधी शब्दांची व्यवस्था लावली. आरोप म्हणायचं नाही, विषय म्हणायचं. मनवाला मनवा म्हणायचं नाही, संबंधित भगिनी म्हणायचं, म्हणजे तिची ओळख गुप्त राहते.

"मी समोर बसलेय," मनवा म्हणाली.

"संबंधित भगिनींची भावना नोंदवून घेतली आहे," सबनीस म्हणाले. पक्ष या विषयात कमालीचा गंभीर आहे, त्यांनी समजावलं, आणि पक्ष जेव्हा इतका गंभीर असतो तेव्हा तो काहीच बोलत नाही. वैभवने विचारलं, समोरची पार्टी तर उद्या मोर्चा काढणार म्हणते. त्याची चिंता नको, असं सबनीस म्हणाले. गेल्या वर्षी त्यांच्या एका माणसाचा असाच विषय निघाला होता, तेव्हा त्यांनी जे निवेदन काढलं त्याचा मसुदा सबनीसांनीच लिहून दिला होता. या वेळी ते मोर्चा काढतील, आपण निवेदन काढू. पुढच्या वेळी उलट. नावाची जागा कोरीच ठेवलेली असते.

भिवाला पक्षशिस्तीचा फटका मात्र बसणारच होता. त्याला करी रोडवरून काढून वरळीचा प्रभारी करायचं चाललं होतं.

"म्हणजे करी रोडच्या पोरींपासून लांब," मनवा म्हणाली, "वरळीच्या पोरींजवळ."

सबनीसांनी हीसुद्धा भावना नोंदवून घेतली.

जाईबाई इतका वेळ गुडघे चोळत होत्या. भिवा चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि भावाने त्याला या बहिणीच्या स्वाधीन केलं. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो वैभवच्या ताटात जेवून मोठा झाला. आठवडाभर जाईबाई एकच सांगत होत्या, पोरगो तसो नाय. आता त्या नातीकडे वळल्या.

"चेडवा, हात चुकान लागलो आसतलो गो. गाडी हालता मां."

"गाडी सिग्नलला उभी होती, आजी."

जाईबाईंनी गुडघे चोळायचं थांबवलं.

वैभवची अवस्था बघवत नव्हती. त्याचं पोरीवर प्रेम होतं, त्यात शंका नाही. पण बावीस वर्षं त्याने सतरंज्या घातल्या होत्या आणि उचलल्या होत्या, आणि तो फॉर्म आयुष्यात एकदाच खिशाच्या इतका जवळ आला होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, मनू, तुला नक्की काय हवंय ते तरी सांग. पोलिसांत जायचंय का?

"जाईन तेव्हा जाईन, ते माझं मी बघेन. तुमच्याकडून एवढंच हवंय, पप्पा. हे झालं, असं आपल्या घरातलं कोणीतरी एकदा चार माणसांत म्हणू दे. इथे बेडरूममध्ये नाही. तिकडे."

तिने हॉलकडे बोट दाखवलं. हॉलमध्ये कोणीतरी माइक तपासत होतं.

सबनीसांनी घड्याळ बघितलं आणि मत विचारायला सुरुवात केली. निष्कर्ष त्यांनी येतानाच आणला होता: गैरसमज. अध्यक्ष वैभव बराच वेळ घसा खाकरत राहिला, मग मानेनेच हो म्हणाला. गुणाजींनी गळ्याला हात लावून दाखवला. सकाळपासून त्यांचा घसा बसला होता आणि ते खुणांनीच बोलत होते. सबनीसांनी ती खूण होकारात धरली. मग सीमा.

सीमाला वाटलं, आता बोलायचं. जीभ टाळ्याला लागली होती. वैभवने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात बावीस वर्षांच्या सतरंज्या होत्या. एवढ्यात बाहेरून भाई आले, भाई आले असा गलका झाला.

"मौन म्हणजे संमती," सबनीस उठत म्हणाले. "समितीचा निष्कर्ष एकमताने. मनःपूर्वक आभार."

मनवा स्टुलावरून हलली नाही. तिने आईकडे रागाने बघितलं असतं तर सीमाला बरं वाटलं असतं. तिने फक्त फोन काढला आणि त्यात बघत बसली.

हॉलमध्ये भिवा सगळ्यांच्या पाया पडत आत आला. पांढरा सदरा, कपाळाला टिळा, वरच्या खिशात घडी केलेला कागद. त्याने जाईबाईंना 'आते' म्हणून मिठी मारली. त्यांनी मारू दिली. सीमाला तो 'वयनी' म्हणाला आणि उसळीचा वास खालपर्यंत येतोय म्हणाला. माणूस वाईट वागल्यावर वाईट दिसायला लागेल, अशी सीमाची इतकी वर्षं समजूत होती. भिवा छान दिसत होता.

पाट मांडला होता. पाटावर तांदूळ, विडा, नारळ. सगळे उभे राहिले आणि गुणाजी पुढे झाले, कारण विभागात कोणाचंही गाऱ्हाणं असो, ते घालायला गुणाजीच लागत. ऐकणाऱ्यांचं काम सोपं असतं. प्रत्येक वाक्य 'म्हाराजा'वर संपतं, आणि तो शब्द कानावर पडला की एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कोकणातल्या माणसाला हे पाळण्यात असताना येतं. अर्थ लागायच्या आधी तोंड उघडलेलं असतं.

गुणाजींनी हात जोडले, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. ते वळले, गळ्याकडे बोट दाखवलं आणि कष्टाने कुजबुजले, "सीमा घालतली."

कुजबुज सुरू झाली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं कोणी ऐकलं नव्हतं. पण दुसरा इलाजही नव्हता. वैभवला मालवणी समजायची, पण तो बोलायला लागला की गावची माणसं त्याला हिंदीत उत्तर द्यायची. सीमा कणकवलीची. सबनीसांना तर हा महिला सक्षमीकरणाचा सुंदर प्रसंग वाटला आणि त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं.

सीमाने ओल्या हाताने पदर खोचला. बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत स्टूल दिसत होतं, स्टुलावर मनवाचे पाय.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," हॉल म्हणाला.

"आज ह्या घरात तुज्या नावान नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माजो घोव इलेक्शनाक उभो रवता, तेका बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." भिवाचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. खिशावर हात ठेवून, डोळे मिटून तो म्हणत होता.

सीमाला वाटलं, इथे थांबता येईल. उसळ तयार आहे.

"आणि माज्या चेडवाच्या अंगार गाडयेत ज्यान हात टाकलो, तो भिवा कोयंडे हयच, तुज्या म्होरं उभो आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. शाखाप्रमुख म्हणाला, गटप्रमुख म्हणाले, सबनीस दादरचे असूनही एव्हाना लय सापडल्यामुळे म्हणाले, आणि सगळ्यांत खणखणीत आवाजात भिवा म्हणाला. मग त्याने डोळे उघडले. एकेकाच्या डोक्यात वाक्य पोचत गेलं तशी हॉलमधली माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागली. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, भाई, तुम्ही पण व्हय म्हणालात.

गाऱ्हाणं मध्ये सोडता येत नाही.

"तेना केल्यान ता केल्यान. पण आमका सगळ्यांका ठावक आसान आमी गप रवलंव. मीया गप रवलंय, म्हाराजा."

कोणी काही म्हणालं नाही.

असं होत नाही. म्हाराजा म्हटल्यावर व्हय म्हणायचं राहिलं, तर गाऱ्हाणं वाऱ्यावर जातं आणि घराला लागतं, अशी समजूत आहे. समजूत सगळ्यांना माहीत होती आणि खिशातला फॉर्मही सगळ्यांना दिसत होता. सीमा हात जोडून तशीच उभी राहिली. भिवाने मान वळवून आत्याकडे बघितलं, लहानपणी मार पडायची वेळ आली की बघायचा तसं.

जाईबाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"व्हय म्हाराजा," त्या एकट्याच म्हणाल्या.

"आते, तू पण?"

"देवाम्होरं खोटा कशाक बोलू, रे झिला? गाडी उभी होती."

"फोड गो नारळ," गुणाजी म्हणाले. आवाज मोठा आणि स्वच्छ होता, गिरणीच्या साच्यांच्या खडखडाटावरून ऐकू जायचा तसा. सीमाने सासऱ्यांकडे बघितलं. ते नारळाकडे बघत होते.

तिने नारळ फोडला. चांगला निघाला.

भिवा काही न बोलता दाराबाहेर गेला, चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधत बसला आणि लिफ्टने खाली गेला. फॉर्म त्याच्याबरोबर एकोणीस मजले उतरला. सबनीसांनी चित्रीकरण बंद केलं, मग काढून टाकलं, मग ते काढून टाकल्याची खात्री केली आणि जमलेल्यांना सांगितलं की आता झालेलं सामूहिक उच्चारण धार्मिक स्वरूपाचं होतं, ती पक्षाची भूमिका समजू नये. बाकीची माणसं निघणार होती, पण प्रसाद टाकून जाता येत नाही म्हणून उसळपाव खायला थांबली. खाली मान घालून खाल्ला, आणि दोघातिघांनी आणखी उसळ मागितली.

वैभव स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"अगं, इलेक्शन झाल्यावर घातलं असतंस."

"तोवर माझी जीभ राहिली असती का, अहो?"

वैभव आत आला. मग त्याने एक ताटली घेतली, उसळ वाढली, पाव ठेवला, वरून कांदा घातला आणि बेडरूमकडे गेला. दाराशी थांबला आणि आत जाण्यापूर्वी टकटक केली. स्वतःच्याच घरात त्याने दारावर टकटक केलेली सीमाने पहिल्यांदा बघितली. आत जाईबाई आधीच स्टुलापाशी खाली जमिनीवर बसल्या होत्या, नातीचे पाय मांडीवर घेऊन. मनवा रडत होती. आठवड्यात पहिल्यांदाच.

वैभवला फॉर्म मिळाला नाही. भिवा वरळीला गेला नाही, करी रोडलाच राहिला. फळ्यावर त्याच्याबद्दल काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी 'ताई, बोला'च्या नंबरवर मध्यवर्ती कार्यालयाचं पत्र आलं. ते मनवाने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, सबनीसांच्या आवाजात:

'सौ. सीमा वैभव धुरी, शाखा संघटक, यांस. आपण पक्षाची पूर्वपरवानगी न घेता एक पक्षांतर्गत विषय श्री देव रवळनाथ यांचेकडे परस्पर सादर केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर विषयी चौकशी समितीने यापूर्वीच एकमताने निष्कर्ष काढलेला असल्याने, तसेच सदर दैवत पक्षाचे प्राथमिक सदस्य नसल्याने, त्यांस याबाबत निर्णय घेण्याचे कोणतेही अधिकार पोहोचत नाहीत. तरी आपण सदर गाऱ्हाणे विनाअट मागे घ्यावे, आणि श्री देव रवळनाथ यांनी या विषयात अद्याप कोणतीही कार्यवाही केलेली नाही व यापुढेही करणार नाहीत, असे त्यांच्या सही-शिक्क्याचे ना-हरकत प्रमाणपत्र दोन प्रतींत, निवडणुकीपूर्वी, मध्यवर्ती कार्यालयास सादर करावे, ही नम्र विनंती.'